आधी प्रॅक्टिकल नर्स

ब्रॅम्पटनला आले तेव्हा मी नर्स आहे, अशी माझी पक्की समजूत होती. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात सर्जिकल वॉर्डात बरीच वर्षं ड्यूटी केली होती. ऑपरेशन होऊन आलेला माणूस शुद्धीवर येताना कसा कण्हतो, यावरून त्याला दुखतंय की नुसती भीती वाटतेय हे मला कळायचं. लहान मुलाची शीर सापडेना झाली की नवे डॉक्टर मलाच बोलवायचे. एवढं असताना कॅनडात फक्त कागदपत्रं पाठवायची आणि कामाला लागायचं, असं मी धरून चालले होते.

नोंदणीच्या ऑफिसचं उत्तर आलं. नियम नुकतेच बदलले होते. रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन, व्हायचं तर आता डिग्री लागणार होती आणि माझा होता डिप्लोमा. बाहेरून आलेल्या नर्सेससाठी युनिव्हर्सिटीत एक अभ्यासक्रम आहे, तो पूर्ण करा आणि मग परीक्षेला बसा, असं त्यांनी कळवलं होतं. दोन दिवस मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी प्रवेशासाठी अप्लाय केलं.

नवऱ्याला ओकव्हिलच्या एका कंपनीत इंजिनिअरची नोकरी होती. तो सकाळी कार घेऊन जायचा, मी बस पकडायची. आम्ही एका पंजाबी कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती आणि तिला सांभाळायला सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. मी युनिव्हर्सिटीत पार्ट टाइम शिकायचे आणि उरलेल्या दिवशी एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, मदतनीसाचं काम करायचे. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, भरवायचं, टॉयलेटला न्यायचं. काम वाईट नव्हतं. पण गोळ्या द्यायला, जखमेला हात लावायला मला बंदी होती.

कामावर आमच्या मजल्यावर एक जमैकन बाई होत्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, आवाज खणखणीत. त्या आरपीएन होत्या, म्हणजे प्रॅक्टिकल नर्स. इथे आरएनच्या खालोखाल त्यांचा दर्जा. औषधं देणं, ड्रेसिंग करणं, पेशंटवर लक्ष ठेवणं, सगळं त्या करायच्या. गुंतागुंतीचं काही झालं की आरएनला बोलवायच्या. एकदा त्या एका आजींच्या पाठीवरच्या जखमेचं ड्रेसिंग करत होत्या आणि मी आजींना कुशीवर धरून उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "कडा आत वळायला लागल्यात. आत पोकळी झाली असेल."

त्यांनी मान वर केली. "तुला कसं माहीत?"

"मी नर्स आहे. होते. आरएनचा अभ्यास करतेय."

"किती वर्षं लागतील?"

"पार्ट टाइम करतेय. तीन, कदाचित चार."

"आणि तोपर्यंत नुसती धरून उभी राहणार?" त्यांनी हातमोजे काढून टाकले. "प्रॅक्टिकल नर्सच्या परीक्षेला बस. तुझ्या डिप्लोमावर परवानगी मिळायला हवी. नर्सिंग कर आणि नर्सिंग शीक."

खरं सांगायचं तर मला राग आला. मी आरएनच्या दर्जाची नर्स, आणि ही मला खालचं लायसन्स काढायला सांगते! बसमध्ये बसल्यावरही तो राग गेला नव्हता. पण त्या आठवड्यात जेव्हा जेव्हा औषधांची गाडी माझ्याजवळून गेली, तेव्हा तेव्हा बाईंचं बोलणं आठवत राहिलं. माझे हात रिकामे होते. अशी चार वर्षं गेली तर ते काय काय विसरतील, याची मला भीती वाटायला लागली. मी चौकशी केली. बाईंचं म्हणणं बरोबर निघालं.

आता सगळ्यांना समजवायचं होतं. नवरा म्हणाला, "दोन परीक्षांचा अभ्यास एकदम? आधी एक काय ते पूर्ण कर ना." युनिव्हर्सिटीतल्या आमच्या प्राध्यापिका म्हणाल्या की असे बरेच विद्यार्थी त्यांनी पाहिलेत. मधलं लायसन्स मिळतं, पगार सुरू होतो आणि डिग्री कायमची मागे पडते. विहारातर्फे झालेल्या आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये दोनशेक माणसं जमली होती. तिथे जेवणाच्या रांगेत पुण्याच्या एका ताईंनी विचारलं, "म्हणजे तू रिव्हर्स घेतेयस का?" त्यांनी हसत विचारलं होतं, मीही हसले. पण ते लागलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या.

"मले सांग," त्या म्हणाल्या, "आता तुले बिमार माणसाले सुई देता येते का तिथं?"

"नाही."

"अन् हे लायसन भेटलं तं?"

"तर देता येईल."

"मंग झालं ना. कोन काय म्हनते, ते त्याइच्या घरी."

मी अर्ज केला. जुनी गुणपत्रकं, नागपूरच्या मेट्रनबाईंचं पत्र, इंग्रजीची परीक्षा, सगळं जमवता जमवता हिवाळा संपला. परीक्षेला बसायची परवानगी आली तेव्हा मी अभ्यासाला लागले, आणि पहिल्याच सराव परीक्षेत सपशेल आपटले.

औषधांचे डोस चुकले नव्हते, रोगही ओळखता आले होते. चुकत होतं ते वेगळंच. प्रश्न असायचा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंट रडतेय, नर्स सर्वात आधी काय करेल? मी उत्तर लिहायचे, डॉक्टरांना कळवेल. चूक. पेशंट औषध घ्यायला नाही म्हणतोय, नर्स काय करेल? मी लिहायचे, औषध किती गरजेचं आहे ते समजावून सांगेल. तेही चूक. आमच्या वॉर्डात एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असायचे. रडणाऱ्याजवळ बसून राहायला वेळ कोणाला होता? आम्ही पळत असायचो आणि पळता पळता माणसं वाचवायचो.

शेवटी मी सासूबाईंनाच पेशंट केलं. त्या सोफ्यावर शाल पांघरून पडायच्या आणि मी प्रश्न मराठीत करून सांगायचे. "आई, उद्या तुमचं ऑपरेशन आहे आणि तुम्ही रडताय."

त्या लगेच डोळ्याला पदर लावायच्या.

"मी आता डॉक्टरांना कळवते."

"अवं, मी इथं रडून रायली अन् तू डाक्टरले फोन लावून रायली? मले विचार ना आधी, काहून रडतं म्हणून!"

नेमकं तेच उत्तर पुस्तकात होतं. त्यांचं प्रत्येक उत्तर बरोबर यायचं असंही नाही. अंघोळीला नाही म्हणणाऱ्या आजोबांचं काय करायचं, असं विचारलं तेव्हा त्या ताडकन उठून बसल्या. "नाही कसा म्हनते? उचलून न्या त्याले न्हानीत." आम्ही दोघी इतक्या हसलो की वरून घरमालकीण जिन्यात डोकावली. पण त्या शाल पांघरलेल्या पेशंटमुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. इथे आधी विचारायचं, मग करायचं. पुढच्या सराव परीक्षांत माझे मार्क चढत गेले.

परीक्षा एका मोठ्या हॉलमध्ये झाली, पेन्सिलीने गोल काळे करायचे होते. बाहेर पडल्यावर पास की नापास काही सांगता येत नव्हतं. बऱ्याच आठवड्यांनी निकाल आला तेव्हा मी कामावर होते. नवऱ्याने फोन करून फक्त एवढंच म्हटलं, "घरी ये, जेवायला श्रीखंड आहे." श्रीखंड सासूबाई उगाच करत नसत.

त्याच नर्सिंग होमने मला आरपीएन म्हणून घेतलं. जमैकन बाईंनी पहिल्या दिवशी औषधांच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "हळूहळू. घाई केलीस तर चुकशील." पहिल्या दिवशी दुपारच्या गोळ्या वाटून संपेपर्यंत संध्याकाळच्या गोळ्यांची वेळ झाली होती. कालपर्यंत जिच्याबरोबर मी बेड बदलत होते ती पंजाबी मैत्रीण हिंदीत म्हणाली, "अब तो तू मॅडम हो गई." पण तिला कोणाला उचलायचं असलं की गाडीला कुलूप लावून मी दुसऱ्या बाजूने हात लावायला जायचे. महिन्याभरात ती पुन्हा माझ्याशी सरळ बोलायला लागली.

त्या मजल्यावर एक इटालियन आजोबा होते. आयुष्यभर गवंडीकाम केलेले, हात फावड्यासारखे. जेवणाला नावं ठेवणं हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. सूप आलं की चमचा वर धरून म्हणायचे, "हे भांडी धुतलेलं पाणी आहे." एका संध्याकाळी सूप आलं आणि आजोबा काहीच बोलले नाहीत. चमचा हातात धरून बसून राहिले. मी जवळ गेले. हात थंड, श्वास भरभर चाललेला, आणि मला ते आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते. ताप फारसा नव्हता. ब्लड प्रेशर मात्र सकाळपेक्षा बरंच खाली आलं होतं.

मला समोर दिसत होतं की या माणसाला सलाईनची गरज आहे. माझी बोटं आपसूक त्यांच्या मनगटावर शीर शोधायला लागली होती. तिथे मी ती थांबवली. त्या नर्सिंग होममध्ये आरपीएनला सलाईन लावायची परवानगी नव्हती, आणि तसं सामानही नव्हतं. मी आरएनला फोन लावला. ती माझ्यापेक्षा वयाने लहान, शांत स्वभावाची गोरी मुलगी होती आणि दुसऱ्या मजल्यावर पडलेल्या एका आजींजवळ अडकली होती. "तू डॉक्टरांना फोन कर," ती म्हणाली, "मी पोचतेच."

नागपूरला डॉक्टरांशी बोलायची आमची पद्धत म्हणजे "हो सर". युनिव्हर्सिटीत मात्र त्याच सुमारास आम्हाला फोनवर कसं बोलायचं ते शिकवलं होतं. आत्ता काय झालंय ते सांगा, आधी काय होतं ते सांगा, तुम्हाला काय वाटतं ते सांगा आणि तुम्हाला काय हवंय ते सांगा. वर्गात जोड्या करून आम्ही ते पाठ केलं होतं, आणि मला तो पोरखेळ वाटला होता. आता मी ते एकेक करत सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "मला वाटतं इन्फेक्शन रक्तात गेलंय. त्यांना हॉस्पिटलला पाठवायला हवं."

पलीकडे डॉक्टर थकलेले वाटले. "तोंडाने पाणी द्या. सकाळी बघू."

मी प्रेशरचा आकडा पुन्हा सांगितला. "डॉक्टर, सकाळपर्यंत थांबणं मला सुरक्षित वाटत नाही."

"तुम्ही आरएन आहात का?"

"नाही, मी आरपीएन आहे. आमच्या आरएन येताहेत. तुम्ही फोन ठेवू नका, प्लीज. त्यांच्याशी बोला."

ती एक-दोन मिनिटं फार लांबली. आरएन धावतच आली. तिने माझ्याकडून फोन घेतला नाही, आधी आजोबांना तपासलं. पाय दाबून पाहिले, श्वास मोजला, प्रेशर पुन्हा घेतलं. मग फोन घेऊन म्हणाली, "मी स्वतः पाहिलं. माझंही तेच मत आहे." डॉक्टर म्हणाले, पाठवा. अँब्युलन्स आली. आजोबांना नेल्यावर आरएनने मला खुर्चीत बसवून ज्यूस दिला. "तू त्यांना फोनवर धरून ठेवलंस हे फार बरं झालं," ती म्हणाली. मी म्हटलं, "मला खरं तर सलाईन लावायचं होतं." ती हसली. "मलाही. पण इथे आपल्या दोघींकडे फोनच आहे."

इन्फेक्शन रक्तातच गेलं होतं. दोन-अडीच आठवड्यांनी आजोबा परत आले, बारीक झालेले, पण आल्या दिवशी सूप परत पाठवलं. युनिव्हर्सिटीत मी प्राध्यापिकांना हा प्रसंग सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकला, वर्गातही सांगायला लावला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "छान. पण तुझ्या निबंधाला दोन आठवडे उशीर झालाय."

डिग्री मागे पडेल ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. त्याच वर्षी सासूबाईंचा व्हिसा संपला. विमानतळावर त्यांनी मला जवळ घेतलं. त्या गेल्यावर घर, मुलगी, नोकरी आणि अभ्यास हे सगळं एकमेकांवर आदळायला लागलं. डबल शिफ्ट करून मी पॅथोफिजिऑलॉजीच्या, म्हणजे रोगाने शरीरात काय बिघडतं या विषयाच्या, परीक्षेला गेले. त्यातला प्रत्येक रोग मी डोळ्यांनी पाहिलेला होता. तरी पेपर समोर आला तेव्हा डोकं बंद पडलं. थोडक्या मार्कांनी मी नापास झाले. तो विषय वर्षातून एकदाच शिकवायचे. म्हणजे अख्खं वर्ष गेलं.

निकाल पाहिला तेव्हा मी नर्सिंग होमच्या पार्किंग लॉटमध्ये होते. तोवर आम्ही माझ्यासाठी एक जुनी कार घेतली होती. तिच्यात बसून मी भरपूर रडले आणि मग आत जाऊन शिफ्ट केली.

घरी नवरा समजुतीने म्हणाला, "थांब ना थोडी. तुला लायसन्स आहे, काम आवडतं, सगळे तुला मानतात. आरएन झालीच पाहिजेस असं कुठे आहे?"

त्याचं चुकीचं नव्हतं. आमच्या ओळखीच्या कितीतरी जणी तिथेच थांबल्या होत्या आणि उत्तम नर्सिंग करत होत्या. जमैकन बाईंनी आयुष्य त्यात घालवलं होतं आणि त्यांना आरएन व्हायची जराही इच्छा नव्हती. मीही त्या कामाला आता कमी लेखत नव्हते. पण मला सर्जिकल वॉर्ड हवा होता. ऑपरेशन थिएटरमधून ट्रॉली बाहेर येते, जखमेतल्या नळीतून, म्हणजे ड्रेनमधून, किती आलंय ते मोजायचं असतं, सलाईन संपत आलेलं असतं आणि पेशंट डोळे उघडून विचारतो, झालं का? तो क्षण मला हवा होता. इथल्या ज्या हॉस्पिटलांत मी विचारलं, तिथे त्या वॉर्डात आरएनच घेत होते.

"मला करायचंय," मी नवऱ्याला म्हटलं. "तू स्वयंपाक शिक."

तो शिकला. पहिले काही महिने आम्ही खिचडी आणि अंडी खाल्ली. मुलगी म्हणायची, "डॅड, नॉट अगेन!" मग वांग्याचं भरीत आलं, मग फोनवरून सासूबाईंच्या देखरेखीखाली झुणका आला.

माझ्या बाजूने मी मॅनेजरकडे गेले. शेवटच्या वर्षी हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम शिकायला जावं लागणार होतं, आठवड्याचे दिवस त्यात जाणार होते. मी सांगितलं, मला फक्त शनिवार-रविवारच्या शिफ्ट द्या, सगळ्या द्या.

मॅनेजरने चष्मा काढला. "आणि आरएन झालीस की सोडून जाणार."

"हो, जाणार," मी म्हटलं. "पण तोपर्यंत तुम्हाला वीकेंडला माणूस शोधावा लागणार नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि होकार दिला. पुढे त्यांना वीकेंडला खरंच माणूस शोधावा लागला नाही. बर्फाच्या वादळातही मी विंटर टायर्सच्या भरवशावर हळूहळू जायचे. दिवाळी, मुलीचा वाढदिवस, विहारातले कार्यक्रम, बरंच काही त्या वीकेंडमध्ये गेलं. ते परत मिळालं नाही, आणि मुलगी अजून कधी कधी ते बोलून दाखवते.

पॅथोफिजिऑलॉजी दुसऱ्या खेपेला सुटली. त्या वेळी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी शिफ्ट घेतली नाही. शेवटच्या सेमिस्टरला मला एका हॉस्पिटलचा सर्जिकल वॉर्ड मिळाला. मला शिकवणाऱ्या आरएनने दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "सलाईन कधी लावलंयस?" मी म्हटलं, खूप वर्षांपूर्वी. पेशंट एक शाळेतल्या शिक्षिका होत्या, घाबरलेल्या. मी आधी खुर्ची ओढून बसले. सुईची भीती वाटते का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, मागच्या वेळी चार ठिकाणी टोचलं होतं. मी त्यांचा हात माझ्या हातात घेऊन थोडा वेळ नुसता गरम केला, आणि मग लावलं. एकदाच टोचावं लागलं.

आरएनच्या परीक्षेचा निकाल आला त्या दिवशी बर्फ पडत होता. नवरा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता. तोवर आम्ही बेसमेंट सोडून स्वतःचं छोटं टाउनहाउस घेतलं होतं. मी घरातल्या चपला घालून तशीच बाहेर पळाले. तो ओरडला, "अगं, जॅकेट!" मी म्हटलं, "झाले." त्याने फावडं बर्फात खुपसलं आणि मला उचललंच. समोरचे शेजारी खिडकीतून बघत होते.

नागपूरला फोन लावला तेव्हा तिथे संध्याकाळ होती. सासूबाईंना दोनदा सांगावं लागलं, त्यांना ऐकायला कमी येत होतं.

"मंग पहिलंवालं लायसन वापस करा लागते का?" त्यांनी विचारलं.

"ठेवायचं असेल तर ठेवता येतं."

"ठेव मंग," त्या म्हणाल्या. "अन् पोरीले दे फोन."

मुलगी इंग्रजीत बोलली, त्या वऱ्हाडीत बोलल्या, आणि दोघी बराच वेळ हसत होत्या.

पुढच्या महिन्यात मी हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात रुजू झाले. पहिल्या दिवशी मी वॉशरूम शोधताना दोनदा चुकले, कॉम्प्युटरने माझा पासवर्ड घेतला नाही आणि जेवणाआधीच थिएटरमधून तीन पेशंट परत आले. त्यातल्या तिसऱ्या बाईंनी डोळे उघडले आणि कोरड्या ओठांनी विचारलं, झालं का. मी सांगितलं, झालं, आणि ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवला.